कडाव ते कलिना : विद्यापीठ ग्रंथालयाच्या संगणक कक्षात

कर्जतहून मुरबाडकडे जाणाऱ्या रस्त्यावर कडाव लागते. बाहेरची माणसे हे गाव ओळखतात ती बालदिगंबर गणपतीच्या देवळामुळे. आसपासच्या शेतकऱ्यांना आणि ठाकूर-कातकरी वाड्यांतील लोकांना ते बाजारपेठेमुळे ठाऊक असते. पावसाळ्यात चहूकडे भातखाचरे आणि पूर्वेला सह्याद्रीची भिंत. अलीकडे फार्महाऊसच्या कुंपणांनी रस्त्याच्या दोन्ही बाजू भरत चालल्या आहेत. गवंडीकाम, माळीकाम, रखवालदारी अशी कामे त्यातून आपल्या लोकांना मिळतात, हेही खरे. मात्र पदवीच्या पुढे शिकायचे म्हटले की इथल्या मुलांना रेल्वेचा रूळ धरावा लागतो.

अशीच एक मुलगी मुंबई विद्यापीठाच्या कलिना संकुलात पाली भाषेत एम.ए. करते. वडील गवंडी, आई एका फार्महाऊसवर कामाला. मुलगी पहाटे निघते, दिवे लागल्यावर परत येते, आणि विचारले तर म्हणते, "आज दिवसभर लायब्ररीत कॉम्प्युटरवर होते." वडिलांना हे कोडे सुटेना. पुस्तकांच्या घरात कॉम्प्युटरचे काय काम? आणि कॉम्प्युटरच लागत असेल तर कर्ज काढून घरी लॅपटॉप घ्यावा की काय? त्यांनी आम्हाला विचारले. आम्ही म्हटले, चला, पाहूनच येऊ. म्हणून एका शनिवारी आम्ही दोघे कार्यकर्ते, ती मुलगी आणि तिचे वडील असे चौघे निघालो.

कडावहून शेअर रिक्षाने भिवपुरी रोड स्टेशन गाठले. नेरळ, शेलू, वांगणी, बदलापूर अशी गाडी भरत जाते. बदलापूरनंतर पाय हलवायला जागा नसते. हा प्रवास रोज करणाऱ्या मुलामुलींविषयी आपण घरात फार कमी बोलतो. मुलीने डब्यात उभ्या उभ्याच वही काढून दिवसाच्या कामाची यादी आम्हाला दाखवली. कुर्ल्याला पश्चिमेस उतरून बस धरली आणि कलिन्याला पोहोचलो.

मुंबई विद्यापीठाची स्थापना १८५७ सालची. फोर्टमधील राजाबाई टॉवर पुष्कळांनी बाहेरून पाहिलेला असतो. तो १८७८ साली पुरा झाला आणि त्याच्या पायथ्याशी विद्यापीठाचे जुने ग्रंथालय आहे. कलिन्याचे ग्रंथालय जवाहरलाल नेहरू ग्रंथालय या नावाने ओळखले जाते. भाषांचे विभाग जवळच रानडे भवनात आहेत. विद्यार्थ्याने ओळखपत्र दाखवून आत जावे. बाहेरच्या माणसाने आधी परवानगी विचारावी. पिशव्या बाहेर ठेवाव्या लागतात, तेव्हा पैसे आणि मोबाईल खिशात काढून घ्यावेत.

पहिले काम यादी पाहण्याचे. पूर्वी ग्रंथालयात लाकडी खणांचे कपाट असे आणि प्रत्येक पुस्तकाचे एक कार्ड. आता ती कार्डे संगणकात गेली आहेत. लेखकाचे नाव, पुस्तकाचे नाव किंवा विषय, काहीही टाकले की पुस्तक कोणत्या कपाटात आहे, घरी नेलेले आहे की जागेवर आहे, ते पडद्यावर दिसते. आपल्याकडच्या ग्रंथालयांत यासाठी 'सोल' किंवा 'कोहा' ही सॉफ्टवेअर पुष्कळ वापरली जातात. 'सोल' हे गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट या केंद्राने तयार केले. ही संस्था विद्यापीठ अनुदान आयोगाची. 'कोहा' न्यूझीलंडमधल्या एका छोट्या ग्रंथालयासाठी १९९९-२००० च्या सुमारास लिहिले गेले आणि ज्यांनी लिहिले त्यांनी ते जगाला फुकट देऊन टाकले. माओरी भाषेत कोहा म्हणजे भेट.

पुस्तकाच्या पाठीवर जो आकडा असतो तोही समजून घेण्यासारखा आहे. ड्यूई दशांश पद्धतीत बौद्ध धम्माचा आकडा २९४.३. ज्या ग्रंथालयात ही पद्धत असेल तिथे, मग ते मुंबईचे असो की न्यूयॉर्कचे, २९४.३ च्या फळीपाशी उभे राहिले की बौद्ध साहित्य समोर. ही पद्धत १८७६ साली मेल्विल ड्यूई यांनी काढली आणि पुढे ते कोलंबिया विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले. बाबासाहेबांचे गुरू जॉन ड्यूई ते हे नव्हेत, नाव सारखे इतकेच. बाबासाहेब १९१३ साली कोलंबियात पोहोचले तेव्हा मेल्विल ड्यूई तिथून जाऊन पुष्कळ वर्षे लोटली होती.

आता मुलीच्या कामाकडे वळू. तिने प्रबंधिकेसाठी आपल्याच तालुक्यातील लेणी घेतली आहेत. कर्जत तालुक्यात राजमाचीच्या पायथ्याशी, उल्हास नदीच्या खोऱ्यात कोंडाणे लेणी आहेत. जांब्रुगजवळ आंबिवलीचे लेणेही आहे. कोंडाण्याचे चैत्यगृह दोन हजार वर्षांहून जुने. सहलीची मुले तिथे धबधब्यात भिजून परत येतात आणि ते लेणे कोणाचे, कशासाठी कोरले, हे विचारीत नाहीत. गावातील लोकही आपल्याला कोणी सांगितले नाही म्हणून गप्प असतात.

लेण्यांविषयी जुने काय छापले आहे ते शोधायला मुलगी बसली. आम्ही म्हटले, आपला जिल्हा पूर्वीचा कुलाबा, १९८१ साली रायगड झाला, म्हणजे कुलाबा गॅझेटियर उघड. तिने मान हलवली. गॅझेटियर छापले गेले १८८२-८३ च्या सुमारास आणि त्या काळी कर्जत ठाणे जिल्ह्यात होते. म्हणून कर्जतची माहिती कुलाब्याच्या खंडात शोधून उपयोग नाही, ती ठाण्याच्या खंडांत मिळते. यंत्राला हे ठाऊक नसते. तुम्ही कुलाबा विचारले तर ते कुलाबाच देईल, आणि आपण म्हणू, आपल्या गावाविषयी कोणी काही लिहिलेलेच नाही.

गावाच्या नावाच्या स्पेलिंगचीही तीच गत. इंग्रजांनी कोंडाणे तीन-चार तऱ्हांनी लिहिले आहे. मुलीच्या वहीत एका पानावर ती सगळी स्पेलिंगे उतरवलेली होती. एकेक टाकून पाहायची, मिळाले की पुढे खूण करायची. फर्ग्युसन आणि बर्जेस या दोघांचा भारतातील लेण्यांवरचा मोठा ग्रंथ १८८० सालचा. मूळ प्रत जपून ठेवलेली असते आणि कोणी सहज हातात देत नाही; पण तिची पानन्‌पान छायाचित्रे संगणकावर फुकट पाहता येतात. त्यात कोंडाण्याचे वर्णन निघाले.

कोंडाण्याच्या चैत्यगृहाच्या दर्शनी भागाजवळ ब्राह्मी लिपीत एक लहान लेख आहे. कण्ह याचा अंतेवासी बलक याने हे केले, असा त्याचा अर्थ. वडील इतका वेळ गप्प होते. त्यांनी विचारले, "म्हणजे राजाचं नाव नाही? करणाऱ्याचं आहे?" मुलगी म्हणाली, "हो बाबा, करणाऱ्याचं." त्यांनी खुर्ची पुढे ओढली. चाळीस वर्षे दुसऱ्यांची घरे बांधलेल्या माणसाला त्यात काय दिसले असेल ते वाचकांना सांगायला नको.

'अंतेवासी' म्हणजे गुरूजवळ राहून शिकणारा. हा शब्द तिपिटकात कुठे कुठे येतो ते पाहायचे तर पूर्वी पंडिताचे आयुष्य जात असे. इगतपुरीच्या विपश्यना विशोधन विन्यासाने हे काम सोपे करून ठेवले आहे. रंगून येथे १९५४ ते १९५६ या काळात सहावी धम्मसंगीती भरली. तिथे तपासलेला तिपिटकाचा पाठ, त्यावरील अट्ठकथा आणि टीका हे सारे इगतपुरीच्या लोकांनी देवनागरीत छापले आणि १९९० च्या दशकात सी.डी.वरही दिले. आता ते इंटरनेटवरून विनामूल्य उतरवून घेता येते. मूळ पाली तेच, पण ते देवनागरी, रोमन, सिंहली, ब्रह्मी, थाई अशा वेगवेगळ्या लिपींत दाखवता येते. मुलीने शब्द टाकला आणि क्षणात पडदाभर ओळी आल्या, प्रत्येक ओळीपुढे ग्रंथाचे नाव. बाबासाहेब १९५४ साली ब्रह्मदेशात गेले होते. त्यांनी स्वतः पाली व्याकरण आणि शब्दकोश तयार केला. महाराष्ट्र शासनाने प्रसिद्ध केलेल्या त्यांच्या लेखन आणि भाषणांच्या मालिकेचा तो सोळावा खंड. १९७९ साली सुरू झालेल्या या मालिकेचे खंडही संगणकावर फुकट वाचता येतात. ज्या घरात खंड विकत घेणे परवडत नाही त्या घराने हे ध्यानात ठेवावे. ऑक्टोबर २०२४ मध्ये केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला तेव्हा पालीलाही दिला. वर्तमानपत्रांत मराठीचीच बातमी मोठी झाली.

दुपारी डबे खाल्ले. नंतर मुलीने एक अडचण दाखवली, आणि ती आपल्या सर्वांचीच आहे. एका जुन्या मराठी प्रबंधाची फाईल कोणीतरी तिला दिली होती. उघडली तर पडद्यावर इंग्रजी अक्षरे, कंस, टक्के, तारे. वडील म्हणाले, "बिघडलंय वाटतं." बिघडलेले काही नव्हते. १९९० च्या दशकात आणि त्यानंतरही बरीच वर्षे मराठी टाइप करायचे ते श्रीलिपी, कृतिदेव, किंवा सी-डॅकचे योगेश, सुरेख अशा फॉन्टांत. या फॉन्टांत यंत्राच्या पोटात इंग्रजी अक्षरांचेच आकडे जात, वरून फक्त चेहरा मराठीचा. तो फॉन्ट दुसऱ्या यंत्रावर नसला की चेहरा गळून पडतो आणि खालची इंग्रजी अक्षरे उघडी पडतात. अशा मजकुरात 'महाड' हा शब्द शोधा म्हटले तर यंत्राला तो सापडत नाही, कारण त्याच्या लेखी तिथे महाड नाहीच.

युनिकोडने हा घोटाळा मिटवला. युनिकोडमध्ये 'म' या अक्षराला जगभर एकच क्रमांक आहे, कोणत्याही यंत्रावर उघडा, तो 'म' च राहतो. म्हणून जो कोणी आज मराठीत काही टाइप करील, लग्नपत्रिका का असेना, त्याने युनिकोडमध्येच करावे. जुन्या फाईली बदलून देणारी सॉफ्टवेअर आहेत, पण जोडाक्षरे आणि रफार चुकतात. माणसाने बसून तपासावे लागते. आपल्या चळवळीची स्मरणिका, संस्थांचे अहवाल, साप्ताहिकांचे अंक असे कितीतरी साहित्य त्या जुन्या फॉन्टांत अडकून पडले आहे. ज्यांच्याकडे अशा फाईली आहेत त्यांनी त्या फॉन्टासकट जपाव्यात.

त्याच्याही आधीचे जे छापील आहे, त्याची गोष्ट निराळी. १९२० चा 'मूकनायक', १९२७ चा 'बहिष्कृत भारत', १९३० चा 'जनता', १९५६ चा 'प्रबुद्ध भारत', या पत्रांची पाने स्कॅनर नावाच्या यंत्रावर ठेवली की त्यांचे छायाचित्र निघते. पण छायाचित्रात शब्द शोधता येत नाही. त्यासाठी चित्रातली अक्षरे ओळखणारे सॉफ्टवेअर लागते. 'टेसरॅक्ट' हे त्यातले एक फुकट मिळणारे, आणि त्याला मराठी कळते. पान किमान तीनशे डी.पी.आय.ने घ्यावे, वाकडे ठेवू नये, आणि मोबाईलने काढलेच तर सावली पडू देऊ नये. जुन्या कागदावरची शाई पसरलेली असते, तिथे 'घ' आणि 'ध' यांत यंत्राची फसगत होते. म्हणजे इथेही शेवटी डोळ्यांत तेल घालून वाचणारा माणूस हवाच. बी.कॉम. होऊन कारकुनी करणाऱ्या आमच्यासारख्यांना हे काम जमण्याजोगे आहे, ताळेबंद तपासण्याची सवय उपयोगी पडते.

संशोधकांच्या मासिकांविषयी थोडे. जगातील मोठ्या प्रकाशकांची नियतकालिके फार महाग असतात. एकेका लेखाला ते जे पैसे मागतात त्यात आपल्या घरचा आठवड्याचा किराणा येईल. २५ नोव्हेंबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने 'एक राष्ट्र, एक सदस्यत्व' ही योजना मंजूर केली. २०२५ ते २०२७ या तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये, ३० प्रकाशक आणि सुमारे १३,००० नियतकालिके. सरकारी उच्च शिक्षण संस्था आणि संशोधन संस्था मिळून ६,३०० हून अधिक ठिकाणच्या विद्यार्थ्यांना ती वाचता येतील असे ठरले. या सदस्यत्वाची किल्ली संस्थेच्या हाती असते. संस्थेच्या आवारातील यंत्रावर बसले किंवा संस्थेने दिलेल्या खात्यातून गेले तर लेख उघडतो. कडावच्या घरात त्याच पानावर पैसे मागितले जातात. लॅपटॉप कितीही भारी घेतला तरी हे कुलूप त्याने उघडत नाही. वडिलांच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर यातच आले.

प्रबंधांचे मात्र तसे नाही. 'शोधगंगा' हे इन्फ्लिबनेटचे भांडार सर्वांना खुले आहे. तिथे भारतातील विद्यापीठांतले पाच लाखांहून अधिक प्रबंध आहेत. शेतीच्या प्रबंधांसाठी 'कृषिकोश' आहे. कर्जतला दापोलीच्या कृषी विद्यापीठाचे भात संशोधन केंद्र आहे आणि 'कर्जत-३' वगैरे वाण आपल्या खाचरांत लावले जातात. त्या भातावर कोणी काय संशोधन केले ते शेतकऱ्याच्या मुलाने मोबाईलवरही पाहावे. 'राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालय' आय.आय.टी. खरगपूरने उभे केले असून तेही खुले आहे. शाळेच्या मुलांसाठीही त्यात पुष्कळ आहे.

आकडेमोडीची सॉफ्टवेअर म्हणाल तर 'एस.पी.एस.एस.' हे १९६८ पासूनचे, महाग आणि नामांकित. त्याऐवजी 'आर' हे फुकट मिळते. तेही न्यूझीलंडमधल्याच ऑकलंड विद्यापीठातील दोन प्राध्यापकांनी १९९० च्या दशकात सुरू केले. देश एवढासा, पण देण्यात हात आखडता नाही! शंभर घरांची पाहणी करणाऱ्या विद्यार्थ्याला 'लिब्रे ऑफिस' मधला तक्ताही पुरतो. संदर्भ नीट लावून ठेवायला 'झोटेरो' आहे, त्यालाही पैसे पडत नाहीत.

अंध विद्यार्थ्यांसाठी 'एन.व्ही.डी.ए.' नावाचे सॉफ्टवेअर आहे. पडद्यावर जे लिहिलेले असेल ते ते मोठ्याने वाचून दाखवते, मराठीसुद्धा. ऑस्ट्रेलियातील मायकेल करन या अंध तरुणाने २००६ साली ते सुरू केले आणि त्याचा अंध मित्र जेम्स तेह त्याला येऊन मिळाला. विकतची अशी सॉफ्टवेअर महाग होती, म्हणून यांनी फुकटचे केले. मजकूर युनिकोडमध्ये असेल तरच ते मराठी वाचते. जुन्या फॉन्टातला मजकूर आला की ते कंस आणि टक्के वाचू लागते. ज्या घरात दृष्टिहीन मूल आहे त्यांनी साध्या जुन्या कॉम्प्युटरवरही हे बसवून घ्यावे, मुलाला दुसऱ्याच्या वाचनावर अवलंबून राहावे लागणार नाही.

नक्कल पकडणाऱ्या सॉफ्टवेअरविषयी विद्यार्थ्यांत फार भीती आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांप्रमाणे दहा टक्क्यांपर्यंतच्या साम्याला शिक्षा नाही. त्यापुढे दहा ते चाळीस, चाळीस ते साठ आणि साठच्या वर अशा पायऱ्या आहेत, आणि शेवटच्या पायरीला नोंदणी रद्द होऊ शकते. आपली पहिल्या पिढीतील मुले मुद्दाम चोरी करतात असे नव्हे. शाळेत गाईडमधले उतरवून काढायचीच सवय लागलेली असते आणि उतारा घेतला तर अवतरणचिन्हात घालून खाली मूळ पुस्तक सांगायचे असते, हे त्यांना कोणी शिकवलेलेच नसते. ते बारावीतच शिकवले पाहिजे.

संध्याकाळी परतताना वडिलांनी लॅपटॉपचा विषय पुन्हा काढला. मुलीने हिशेब सांगितला. लेख आणि महागडी नियतकालिके विद्यापीठातच वाचायची, आठवड्यातून तीन दिवस. वाचलेल्याची टिपणे पेनड्राइव्हवर आणायची. प्रत दोन ठिकाणी ठेवायची, कारण पेनड्राइव्ह हरवतो. घरी फक्त टाइप करायचे, तिपिटकात शब्द पाहायचे आणि खंड वाचायचे. त्याला नवा लॅपटॉप लागत नाही. कोणा कचेरीने काढून टाकलेला जुना डेस्कटॉप चालतो. तसा एक आमच्या माहितीत आहे, तो पाहायचे ठरले. कर्ज काढायचे नाही यावर दोघांचेही एकमत झाले.

"पण लाईट जाते तिचं काय?" वडिलांनी विचारले. कडावला पावसाळ्यात वीज जाते, हे खरेच. मुलगी म्हणाली, "दर दहा मिनिटांनी सेव्ह करते ना मी." नेरळला गर्दी उतरली, बसायला जागा मिळाली. मग बापलेकीचे बोलणे कोंडाण्याकडे वळले. पावसाळा सरला की जायचे. ब्राह्मी अक्षरांवर सकाळचे तिरपे ऊन पडेल तेव्हा फोटो स्पष्ट येतो, असे तिला विभागात सांगितले होते. वडिलांना छिन्नीचे घाव जवळून पाहायचे होते. दगड कोणत्या बाजूने फोडीत नेला, वरून खाली की पुढून आत, ते घावांवरून कळते, असे ते म्हणाले, आणि मुलीने तेही वहीत लिहून घेतले.